प्रदर्शनातली साताऱ्याची गाडी

साताऱ्यात जुन्या मोटारसायकलींचं प्रदर्शन भरलंय. एका गाडीचे मालक हात वर करतात आणि गर्दी एक पाऊल मागं सरकते. समोर बीएसए एम-20 उभी आहे. पाचशे सीसी, एक सिलिंडर, अंगावर फौजी हिरवा रंग. दुसऱ्या महायुद्धात बर्मिंगहॅमच्या कारखान्यातून अशा सव्वा लाखाहून जास्त गाड्या ब्रिटिश फौजेसाठी बाहेर पडल्या.

ही सुरू करायची रीत नीट बघा. आधी पेट्रोलचा कॉक उघडायचा. मग कार्बोरेटरवरची बारीक पिन बोटानं दाबून धरायची, पेट्रोल बाहेर ओघळलं की सोडायची. डाव्या हाताशी स्पार्क पुढं-मागं करायचा छोटा लिव्हर आहे, तो मागं घ्यायचा. हे विसरलात तर किक उलटी बसते, आणि पाचशे सीसीची उलटी किक पायाला चांगलीच महागात पडते. शेवटी एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, म्हणजे धूर बाहेर सोडणारी झडप, उचलून धरायचा, पिस्टन जागेवर आणायचा आणि अंगाचा सगळा भार टाकून किक मारायची.

दुसऱ्या किकला इंजिन धरतं. बॅटरीची गरजच नाही, मॅग्नेटो स्वतःच ठिणगी तयार करतो. ठोके इतके संथ, की एकेक मोजून घ्यावा.

साताऱ्यात या गाडीभोवती एवढी माणसं का थांबतात, हे वेगळं सांगायला नको. फौजींचं गाव म्हणून ओळखलं जाणारं अपशिंगे मिलिटरी इथून फार लांब नाही. घरात फौजेतल्या आजोबांचा फोटो असलेली माणसं नातवंडांना कडेवर घेऊन ही गाडी दाखवतायत.

पुढची रांग जावा मोटारसायकलींची. मूळची गाडी चेकोस्लोव्हाकियाची, पण आपल्याकडं आली ती म्हैसूरहून. रुस्तम आणि फारुख इराणींनी तिथं आयडियल जावा ही कंपनी उभी केली. जवळ जाऊन बघा, एका सिलिंडरला दोन सायलेन्सर आहेत. गिअरचा दांडा आणि किकचा दांडाही एकच. आत दाबून वर फिरवला की किक, खाली आणला की गिअर. नवी पोरं किक शोधत गाडीभोवती फिरतात तेव्हा मालकाच्या चेहऱ्यावरचं समाधान बघण्यासारखं असतं. पुढं याच कारखान्यातून येझदी आली, आणि 1996 ला कारखाना बंद पडला.

राजदूत 350 जवळ कॉलेजची पोरं जमलीत. ही मुळात यामाहाची आरडी 350, भारतात 1983 पासून एस्कॉर्ट्स कंपनीनं राजदूत नावानं बनवली. दोन सिलिंडर, सहा गिअर. पेट्रोल फार पिते म्हणून त्या काळी लोकांनी तिच्याकडं पाठ फिरवली. आज तिचे मूळ पार्ट मिळवायला माणसं गावोगाव फिरतात. तिच्या शेजारी डिझेलवर चालणारी एन्फिल्ड टॉरस उभी आहे. 325 सीसी, वेग जेमतेम ताशी 65 किलोमीटर. घाई नसलेल्या माणसाची गाडी, आणि मला मनापासून आवडलेली.

आता मंडपाच्या कोपऱ्यात या. इथं गर्दी नाही. इथं आहे एक स्कूटर, प्रिया.

मोटारसायकलींच्या प्रदर्शनात स्कूटर कशाला, असं विचारणारे भेटले. पण माझ्या मते या मैदानावरची सगळ्यात मोलाची गाडी हीच आहे, कारण ही साताऱ्यात बनली. 1975 साली पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ आणि बजाज ऑटो यांनी मिळून महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी काढली. तिचा कारखाना साताऱ्यात होता. स्कूटरसाठी नंबर लावून लोक वर्षानुवर्षं वाट बघत होते, त्या काळात इथल्या माणसांच्या हातून या गाड्या बाहेर पडत होत्या.

मालक इंजिनवरचं झाकण काढतात. आतल्या पत्र्यावर, जिथं ऊन पोचलं नाही आणि कुणी पुन्हा ब्रश फिरवला नाही, तिथं कारखान्यातला मूळ रंग तसाच आहे. बाहेरून तीनदा रंगवलेल्या गाडीची खरी ओळख या हातभर जागेत मिळते. हँडलच्या डाव्या मुठीवर गिअरचे आकडे अजून वाचता येतात. सुरू होईना, तेव्हा मालक तिला अंगाकडं कलती करतात, पुन्हा सरळ करून किक मारतात. बघणारी एक आजी पटकन म्हणते, "आमचे हे पण अस्संच करायचे!"

एम-20 हौशी माणसांनी जपली. प्रिया कुणी जपली नाही, ती वापरली गेली. पुढं पोरगं, मागं बायको, पायाशी गॅसची टाकी. मग पत्रा गंजला, नवी गाडी आली आणि ही भंगारात गेली. इंग्लंडहून आलेली गाडी इथं बघायला मिळते, पण साताऱ्यात बनलेली, मूळ रूपातली शोधावी लागते. याचं मला फार वाईट वाटतं.

2021 च्या केंद्राच्या नियमांनुसार पन्नास वर्षांपेक्षा जुनी आणि मूळ रूपात असलेली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते. तिच्या नंबरात व्हीए ही अक्षरं येतात. सुरुवातीच्या प्रिया आत्ता कुठं त्या वयाला पोचतायत. तुमच्या गोठ्यात, जिन्याखाली, पोत्यांच्या मागं एखादी असेल, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी आरसी बुक शोधा. चॅसी नंबर आणि इंजिन नंबर त्याच्याशी जुळतात का, ते बघा. आणि रंगवायची घाई करू नका. आधी झाकण उघडून आतला रंग बघा.