मैदानावर मोडलेली सरळ रेषा

मंडळी, ड्रम कोर म्हणजे ब्रास (पितळी फुंकवाद्यं), तालवाद्यं आणि झेंडे फिरवणारा कलर गार्ड, एवढ्यांचं अमेरिकी पथक. सगळं पाठ, आणि फुटबॉलच्या मैदानावर चालता-पळता वाजवायचं. १९७२ पासून त्यांची राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा होते. विजेते दरवर्षी असतात, पण बाकीच्यांना आपलं काम बदलायला लावणारे कार्यक्रम थोडेच. आज त्यातले दोन बघू.

पहिला १९८३ चा, गारफिल्ड कॅडेट्सचा. त्याआधी बहुतेक पथकांच्या रचना मधल्या, म्हणजे ५० यार्डांच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना आरशासारख्या सारख्या असत. त्यांच्या रचना आखणारे जॉर्ज झिंगाली यांनी हा आरसाच फोडला. त्यांच्या ड्रिलमध्ये, म्हणजे मैदानावरच्या चालीच्या आखणीत, आकृती बनते न बनते तोच वितळून पुढची होते.

हे अवघड का? नेहमीचं पाऊल पाच यार्डांत आठ, म्हणजे साडेबावीस इंचांचं. रांग वक्र करून फिरवली की आतल्याचं पाऊल आखडतं आणि बाहेरच्याचं तीस इंचांपर्यंत जातं. तेवढ्या पावलाला टाच आपटली की धक्का थेट ओठांवर येतो आणि स्वर फाटतो. म्हणून टाच टेकवून तळवा अलगद लोळवायचा. कमरेवरचं शरीर हलता कामा नये. त्यात तेव्हाचे ब्यूगल जी स्वराचे आणि दोनच व्हॉल्व्हचे (स्वर बदलायच्या कळा), खालचे काही स्वर त्यांत निघतच नसत. अशा वाद्यांवर त्यांनी संगीतकार रॉन नेल्सनचं ‘रॉकी पॉइंट हॉलिडे’ वाजवलं! पुढे १९८४ आणि १९८५ सुद्धा त्यांनीच जिंकलं.

आता विस्कळीत रचनेची खरी किंमत. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. तीस मीटर मागचा वादक बरोबर वेळेवर वाजवतो, तरी आवाज पुढे ०.०९ सेकंद उशिरा येतो. मिनिटाला १८० ठोक्यांच्या लयीत हा चौगुणीतला एक अख्खा ठोका झाला. मागच्याने पुढचं ऐकून वाजवलं तर उशीर दुप्पट. म्हणून मागच्यांनी फक्त ड्रम मेजरचे, म्हणजे समोर उभं राहून ताल दाखवणाऱ्याचे, हात बघायचे, कान बंद. पुढच्या कडेला एका जागी उभ्या राहणाऱ्या तालवाद्यांच्या ताफ्याचं, म्हणजे पिटचं, उलट: हात बघायचे नाहीत, मागून येणारे ड्रम ऐकायचे. हा नियम एकाने मोडला तरी सगळं गढूळ होतं. (लांब मिरवणुकीत शेवटच्या रांगेतले ढोल ताशाच्या मागे पडतात, ते यामुळेच. वादकाला उगाच बोल लावतात.)

दुसरा कार्यक्रम १९९३ चा, स्टार ऑफ इंडियानाचा. संगीत बार्बर आणि बार्टोक या विसाव्या शतकातल्या संगीतकारांचं. गुणगुणता येईल अशी चाल जवळजवळ नाहीच. टाळी घेण्याच्या हमखास जागा काढून टाकलेल्या, गार्डच्या हातात लांब काठ्या, आणि शरीराची हालचाल संगीताइतकीच महत्त्वाची. प्रेक्षक दुभंगले. मिसिसिपीतल्या जॅक्सनला अंतिम फेरीत त्यांना ९७.३ गुण मिळाले, कॅडेट्सना ९७.४. एक दशांशाने गेलं. माझ्या मते निकालावर वाद घालण्यात अर्थ नाही. कॅडेट्सही तोडीस तोड होते.

त्यानंतर स्टारने स्पर्धाच सोडली. त्याच मंडळींचं काम पुढे ‘ब्लास्ट!’ म्हणून रंगमंचावर आलं, आधी लंडनला, मग ब्रॉडवेवर, आणि २००१ मध्ये त्याला अमेरिकी रंगभूमीचा टोनी पुरस्कार मिळाला. मैदानावर मात्र आज वाद्य खाली ठेवून जमिनीवर लोळणारा ट्रम्पेटवाला दिसला, तर कोणी भुवईसुद्धा उंचावत नाही.