सकाळी सातचा डबा

(पहाटेचं सिडको. त्रिमूर्ती चौकातून अंबडकडे निघालेल्या दुचाक्या, मध्येच कंपन्यांच्या बस.)

सकाळचे पावणेसात. हँडलला डब्याची पिशवी, पाठीला सॅक, गळ्यात कंपनीचं कार्ड. नाशिकच्या त्रिमूर्ती चौकातून रोज अशी रांग अंबडच्या कारखान्यांच्या दिशेने निघते. 22 वर्षं मीही या रांगेत होतो.

या रांगेतल्या प्रत्येकाला कामावरच जायचंय, असं मात्र समजू नका. काम गेल्यावरही मी 41 दिवस डबा घेऊन इथूनच जात होतो.

(वापरून गुळगुळीत झालेला मायक्रोमीटर. त्याचा थिंबल फिरवणारी बोटं.)

मी टर्नर. सातपूरला त्र्यंबक रोडवर शासकीय आयटीआय आहे, तिथून 1992 साली पास झालो. आधी लेथवर, म्हणजे धातू कातायच्या मशीनवर होतो, मग इन्स्पेक्शनला आलो. आमच्याकडे इंजिनात बसणारे छोटे पार्ट बनायचे आणि ते मोजायचं काम माझं. मायक्रोमीटर, बोअर गेज, प्लग गेज. प्लग गेज पार्टच्या भोकात घालून बघायचं: त्याची 'गो' बाजू आत गेली पाहिजे, 'नो-गो' अडली पाहिजे. हे इतकं हातात बसलं होतं की पार्ट उचलला की बोटांनाच कळायचं, हा गडबड आहे.

2022 मध्ये ऑर्डर आटल्या आणि आमची लाइन बंद झाली. एका दुपारी आम्हाला एकेक करून ऑफिसात बोलावलं. टेबलावर कागद टाइप करूनच ठेवलेला होता, 'वैयक्तिक कारणास्तव मी राजीनामा देत आहे.' सही केली तर हिशेब लगेच, नाही केली तर बघू, असं सांगितलं. तेव्हा मी 48 वर्षांचा होतो, मुलगी बारावीला, घराचे हप्ते चालू. मी सही केली. त्या सहीबद्दल पुढे बोलणार आहे, कारण हे सगळं रेकॉर्ड करायचं ठरवलं ते त्या सहीमुळेच.

(सार्वजनिक वाचनालयाचा जिना. गोल्फ क्लब मैदानावर चालणारी माणसं. एक रिकामा बाक.)

घरी सांगायला तोंड होईना. दुसऱ्या दिवशी गजर झाला, बायकोने डबा भरून दिला आणि मी गाडीला किक मारली. मायको सर्कलपर्यंत आलो आणि पुढे कुठे जायचं तेच कळेना.

मग जागा ठरत गेल्या. सकाळी गोल्फ क्लबच्या मैदानावर, चालणाऱ्या लोकांमध्ये. दहानंतर सार्वजनिक वाचनालयात. हे वाचनालय 1840 पासूनचं, या शहराने तिथे पिढ्यान् पिढ्या वाचलंय. मी नुसताच पेपर समोर धरून बसायचो. तीच बातमी चार वेळा वाचायचो आणि आत काहीच शिरायचं नाही. दुपारी पांडवलेण्याच्या पायथ्याशी डबा उघडायचा. पेट्रोल जास्त जळतंय हे लक्षात आलं तसं एकाच ठिकाणी बसून राहायला लागलो. तिथे आणखी दोघेतिघे रोज दिसायचे. माझ्याच वयाचे, त्यांच्याकडेही डबे. आम्ही एकमेकांकडे बघायचो नाही.

एकेचाळिसाव्या दिवशी बायको म्हणाली, "अहो, उद्यापासून डबा भरायचा की नाही, तेवढं सांगा."

तिला दुसऱ्याच आठवड्यात कळलं होतं. कपडे ती धुते. शर्टाला मशीनच्या कूलंटचा वास येईनासा झाला होता.

एवढे दिवस ती गप्प का राहिली, हे मी तिला विचारलं. तुम्हीच सांगाल म्हणून थांबले, म्हणाली. त्या 41 दिवसांत पैशांची चिंता होतीच, पण मी जास्त थकलो ते लपवून. पगार गेला तो एकदाच. लपवायला मात्र रोज सकाळी नव्याने सुरुवात करावी लागायची.

(भिंतीवरचं घड्याळ. खिडकीत दुपारचं ऊन.)

आपलंच काहीतरी बिघडलंय असं मला वाटायचं. खूप नंतर मारिएन्थालबद्दल वाचलं. ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळचं हे छोटं गाव. तिथला कापड कारखाना 1930 च्या सुमारास बंद पडला आणि जवळजवळ सगळं गाव बेकार झालं. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्साइझेल या संशोधकांनी तिथे जाऊन माणसं कशी जगतात ते टिपलं. 1933 मध्ये ते प्रसिद्ध झालं. गावात वेळच वेळ होता, तरी वाचनालयातून नेली जाणारी पुस्तकं दोन वर्षांत जवळजवळ निम्म्याने घटली. पुरुष रस्त्याने हळूहळू चालायचे, मध्येच थांबायचे. अनेकांनी घड्याळ वापरणं सोडलं होतं. बायका मात्र भराभर चालत होत्या, कारण स्वयंपाक, धुणं, मुलं हे काम काही बंद पडलेलं नव्हतं.

हे वाचलं तेव्हा मी मनगटाकडे पाहिलं. कंपनीने 15 वर्षांच्या सेवेचं म्हणून दिलेलं घड्याळ कधी काढून ठेवलं, तेही आठवेना. पेपर धरून बसलेला मी, नव्वद वर्षांपूर्वीची ती माणसं आणि पांडवलेण्याखालचे ते दोघेतिघे, सगळे एकाच रोगाचे. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, हा आपला एकट्याचा कमकुवतपणा नाही. याच याहोडाबाईंनी पुढे मांडलं की नोकरी पगाराबरोबर आणखीही काही देते: दिवसाला आकार, घराबाहेरची माणसं, चारचौघांत ओळख, सगळ्यांनी मिळून करायचं काहीतरी. मला विचाराल तर दिवसाचा आकार सगळ्यात आधी जातो, आणि हाताने परत आणता येतो तोही आधी. पहाटे नळाचं पाणी भरणं, भाजी आणणं आणि सासूबाईंना दवाखान्यात नेणं मी माझ्याकडे घेतलं. घरात बसलोय म्हणून मदत करायची, असं नाही. माझी शिफ्ट म्हणून.

(कागदांची फाइल. पासबुक, नेमणूक पत्र, पगाराच्या चिठ्ठ्या.)

आता त्या सहीबद्दल. हे बारकाईने ऐका.

कंपनीने कामावरून कमी केलं तर ती कपात. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याने कपातीच्या वेळी एक महिन्याची नोटीस किंवा त्याचा पगार, आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे 15 दिवसांचं सरासरी वेतन द्यावं लागायचं. नव्या औद्योगिक संबंध संहितेतही 15 दिवसांचा हिशेब आहे. माझ्या 22 वर्षांचे 330 दिवस झाले असते, म्हणजे जवळजवळ अकरा महिन्यांचा पगार. राजीनाम्यावर सही केली आणि ते सगळं गेलं. नोकरी मी स्वतःच सोडली, असं मीच लिहून दिलं होतं.

ग्रॅच्युइटी वेगळी. पाच वर्षं सलग सेवा झाली असेल तर राजीनामा दिला तरी ती मिळते. शेवटचा बेसिक आणि महागाई भत्ता मिळून जो आकडा येतो त्याला 15 ने गुणायचं, 26 ने भागायचं आणि सेवेच्या वर्षांनी गुणायचं. माझे 18,000 होते, म्हणून 22 वर्षांचे 2,28,461 रुपये झाले. 30 दिवसांत द्यायची असते. नाही मिळाली तर कामगार आयुक्तांच्या कार्यालयात अर्ज करता येतो.

ज्यांच्या पगारातून ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा, कापला जातो त्यांच्यासाठी दोन योजना आहेत. राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना कारखाना बंद पडल्यास किंवा कपात झाल्यास आहे. त्यात पहिले 12 महिने सरासरी वेतनाच्या निम्मे आणि पुढचे 12 महिने पाव भाग मिळतो. राजीनामा दिला असेल तर ती नाही. दुसरी अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना, निम्म्या वेतनाने 90 दिवसांपर्यंत, आयुष्यात एकदाच. ती मुदतवाढ मिळत मिळत चालते, म्हणून आधी ईएसआयच्या शाखा कार्यालयात विचारा. माझा एकूण पगार 21,000 च्या वर होता, त्यामुळे ईएसआय लागूच नव्हता. शेजारच्या लाइनवरच्या एकाला ते 90 दिवस मिळाले. तेवढ्यात त्याने मुलाची फी भरली.

पीएफबद्दल एकच सांगतो. पीएफबरोबरची ईपीएस पेन्शन 58 व्या वर्षी असते. 10 वर्षं भरली असतील तर पन्नाशीनंतर आधीही घेता येते, पण जितकी वर्षं आधी घ्याल तितक्या वर्षांची, वर्षाला 4 टक्के कपात कायमची लागते. अगदी गळ्याशी आलं नसेल तर हात लावू नका. आणि पीएफचे पैसे पहिल्या सहा महिन्यांत कुठल्याही धंद्यात घालू नका. एका मित्राने मिसळीचं हॉटेल टाकलं. या शहरात मिसळ चालतेच, असं सगळेच म्हणतात. पण त्याला मिसळ करता येत नव्हती, आचारी दोनदा सोडून गेला आणि सात महिन्यांत पीएफ संपला. ते बोलताना त्याचा आवाज अजून बसतो.

(अंबडमधलं एक गेट. 'पाहिजेत' असा बोर्ड. जवळून वाचता येतं: वय 18 ते 30.)

गेटवर 18 ते 30. राज्य सरकारच्या भरतीत खुल्या प्रवर्गाला 38, मागास प्रवर्गाला 43. 2024 मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली, ती 35 पर्यंत. तरुणांना मिळालंच पाहिजे, माझी मुलगीही त्यांच्यातच आहे. पण पन्नाशीच्या माणसासाठी फॉर्मवर रकानाच नसतो, आणि याबद्दल कुणी मोठ्याने बोलत नाही, याचा मला राग येतो. एका मुलाखतीत समोरचा मुलगा पंचविशीचा होता. माझं सर्टिफिकेट बघून म्हणाला, "काका, तुम्हाला इतकं येतं, हेल्परच्या पगारात तुम्ही टिकाल का?" मी म्हटलं, टिकेन. त्याने घेतलं नाही. तो मुलगा वाईट नव्हता, त्याला वरून वय सांगितलेलं होतं.

त्या रात्री तीनला जाग आली. पुढचे कित्येक महिने येत राहिली. छातीत धडधड, आणि नको ते विचार. मुलीने कॉलेजात कुणाकडून तरी ऐकून टेलि-मानसचा नंबर दिला, 14416. केंद्र सरकारची ही सेवा ऑक्टोबर 2022 पासून आहे. चोवीस तास, फुकट, मराठीतही. पलीकडच्या बाईंनी उपदेश केला नाही. झोप किती, जेवण कसं, घरात कुणाशी बोलता, एवढंच विचारत गेल्या. मी वीस मिनिटं रडलो. एवढं रडायचं राहिलं होतं, हे मलाच माहीत नव्हतं.

(द्राक्षबाग. क्रेट भरून येतात. पॅकहाउसचं टेबल, डोक्याला जाळी बांधलेल्या बायका.)

काम मिळालं ते ओळखीतून, दिंडोरी तालुक्यातल्या एका पॅकहाउसमध्ये, जिथे द्राक्षं निवडून खोक्यात भरतात. जानेवारी ते एप्रिल, रोजंदारीवर. युरोपला जाणाऱ्या द्राक्षाचा मणी ठरलेल्या जाडीचा लागतो, 16 मिलिमीटर, 18 मिलिमीटर. मोजायला भोकांची पट्टी असते. एका आकाराच्या भोकातून मणी पार गेला तर बारीक. ती पट्टी हातात आली आणि मला हुंदका आला. ते प्लग गेजच होतं, फक्त उलटं.

गोडी ब्रिक्समध्ये मोजायची, मण्यावरची लव पुसली जाऊ द्यायची नाही, पनेटमध्ये, म्हणजे छोट्या प्लास्टिकच्या डब्यात, घड बसवायचे, बॉक्समध्ये द्राक्षं सडू नयेत म्हणून ग्रेप गार्डचा कागद, मग थंड करायला प्री-कूलिंग. टेबलावर बहुतेक बायका आणि त्यांचा हात माझ्यापेक्षा कितीतरी जलद. सुपरवायझर 26 वर्षांची. पहिल्या आठवड्यात तिने मला चार वेळा थांबवलं, "काका, देठाला धरा, मण्याला नाही." धातू हाताळायची सवय मोडायला मला महिना लागला. पगार पहिल्याच्या निम्माही नाही, आणि एप्रिलमध्ये छाटणीवाले बागेत आले की आमचं काम बंद. मे ते डिसेंबर काय, याला माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. कधी वर्कशॉपला दोन-चार दिवसांचं इन्स्पेक्शन मिळतं, कधी काहीच नसतं. बायको ब्लाऊज शिवते, त्यावर घर चालतं. हे मी कुणालाही तसंच सांगतो, कमी करून नाही.

(त्रिमूर्ती चौकाजवळची टपरी. मंगळवार. पाच-सहा माणसं, मध्ये दोनशे पानी वही.)

दर मंगळवारी सकाळी आठला आम्ही इथे जमतो. पांडवलेण्याखालच्या त्यांच्यातले दोघे आता येतात. एक दिवस मीच जाऊन विचारलं होतं, भाऊ, कोणत्या कंपनीत होता? वहीत कुणी कुठे अर्ज केला, कुठून फोन आला, कुठे कुठलं मशीन चालवणारा हवाय, हे सगळं लिहितो. जागा आपल्या कामाची नसेल तर ज्याच्या कामाची आहे त्याला तिथूनच फोन लावायचा. आतापर्यंत तिघे लागले. एक जण कायम, दोघे कॉन्ट्रॅक्टवर.

गेल्या मंगळवारी एक नवीन माणूस आला. टपरीपासून लांब गाडी लावून बराच वेळ उभा होता. हँडलला पिशवी, पिशवीत डबा. मी हाक मारली, चहा सांगितला. बसला, पण बोलेना. आम्हीही घाई केली नाही. दुसरा चहा झाल्यावर म्हणाला, उद्या बोलावलंय ऑफिसात. कागद तयार आहे म्हणाले.

मी विचारलं, "सही केली का?"

"अजून नाही."

"घरी सांगितलं?"

त्याने मान हलवली. नाही.

मी त्याला म्हटलं, डबा उघड, आधी खाऊन घे. मेथीची भाजी होती. त्याचं खाणं होईपर्यंत मी वहीचं कोरं पान काढलं आणि त्याच्या सेवेची वर्षं विचारायला सुरुवात केली.