खोडू नका, कंस करा

सरकारी दप्तर विश्वासार्ह कशाने होते, या प्रश्नाचे माझे उत्तर हस्तलिखित सातबाऱ्यावरच्या कंसात आहे. खातेदाराचे नाव कमी करायचे झाले तर तलाठ्याने ते खोडायचे नसे. नावाला कंस करायचा आणि फेरफाराचा, म्हणजे हक्कबदलाच्या नोंदीचा, क्रमांक वर्तुळात लिहायचा, अशी रीत होती. त्या क्रमांकावरून गाव नमुना 6, म्हणजे फेरफारांची नोंदवही, उघडला की बदलाची वर्दी (खबर) कोणाची, दस्त कोणता आणि नोंद प्रमाणित कोणी केली, हे सारे समोर येई. या पद्धतीतही लबाड्या झाल्या. पण लबाडी करणाऱ्यालाही क्रमांक टाकावा लागे, आणि पुढे तोच त्याच्याविरुद्ध पुरावा ठरे.

आमच्या आत्याचे नाव संगणकीकृत उताऱ्यातून नाहीसे झाले. हस्तलिखित उताऱ्यावर चार वारस होते, छापील उताऱ्यावर तीन. कंस नाही, फेरफार नाही. आम्ही अर्ज केला, तेव्हा मूळ फेरफाराची नक्कल मागण्यात आली, आणि अभिलेख कक्षातून उत्तर आले की ते पुस्तक जीर्ण झाले असून सापडल्यावर कळवू. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 157 प्रमाणे अधिकार अभिलेखातली, म्हणजे जमिनीच्या हक्कांच्या सरकारी दप्तरातली, नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते, म्हणजे चूक दप्तराची असली तरी पुरावा आत्यानेच आणायचा. सुदैवाने तिच्या ट्रंकेत सही-शिक्क्याची जुनी नक्कल घडी घालून ठेवलेली होती, आणि तिच्या आधारे कलम 155 खाली दुरुस्ती झाली. ‘माझं नाव काढलं कुणी, एवढं तरी सांगा,’ असे ती प्रत्येक टेबलापाशी विचारत राहिली. तिला नाव परत मिळाले, उत्तर मात्र मिळाले नाही. आणि ते उत्तर मिळण्याचा तिला हक्क होता, असे मी मानतो.

अध्यक्षांनी वेळेची चिठ्ठी पाठवली आहे, म्हणून उपाय भरभर सांगतो. कायद्यांची वाण नाही. माहिती अधिकार अधिनियमाच्या कलम 4 ने अभिलेख सूचीबद्ध ठेवण्याचे बंधन घातले, राज्याचा 2005 चा सार्वजनिक अभिलेख अधिनियम आहे, आणि केंद्राच्या 1993 च्या अधिनियमात तर अभिलेख बेकायदा नष्ट करण्यास पाच वर्षांपर्यंत कैद आहे. तेव्हा ‘फाइल सापडत नाही’ हे उत्तर तोंडी चालू नये. ती शेवटी कोणाच्या ताब्यात होती, हे सहीनिशी लिहून मिळावे. संगणकावरच्या प्रत्येक बदलाचा माग नागरिकाला उताऱ्यावरूनच काढता यावा. आणि स्कॅन झाले म्हणून मूळ कागद रद्दीत जाऊ नयेत: 2023 मध्ये मराठा आरक्षणासाठी कुणबी नोंदी शोधताना शेवटी मोडीतली जुनी दप्तरेच उघडावी लागली, आणि ती वाचण्यासाठी मोडीचे जाणकार बोलवावे लागले.