फाटकापासून बागेपर्यंत

(दृश्य: उजाडायच्या आधीची गल्ली, दूधवाला)
सकाळचे सव्वासहा. पुण्यातली एक जुनी सोसायटी. आजी बुटाची पट्टी दाबून बसवतायत. 14 वर्षांचा मधुमेह, उजवा गुडघा कुरकुरणारा. डॉक्टरांनी सांगितलंय, रोज अर्धा तास चाला. बाग 400 मीटरवर आहे.

(दृश्य: कडेच्या दगडाला लावलेला टेप)
फुटपाथ समोरच आहे. त्यावर चढायचं कसं? आम्ही मोजलं : साडेनऊ इंच. रस्त्यांची मानकं ठरवणारी संस्था, इंडियन रोड्स काँग्रेस म्हणते, 150 मिलिमीटरच्या वर नको, म्हणजे सहा इंच. मोकळी रुंदी किमान 1.8 मीटर हवी. जुन्या फरशा न काढताच वर नवे पेव्हर ब्लॉक बसवले, की फुटपाथ दर खेपेला थोडा उंच होतो. मग प्रत्येक बंगला आपल्या गाडीसाठी तो कापून उतार करतो. चढ, उतार, पुन्हा चढ. मध्ये विजेचा डीपी, त्याला टेकलेल्या दोन स्कूटर, पुढे वडापावची गाडी. गाडीवाल्यावर राग नाही; त्यालाही जागा हवीच, फक्त आखून दिलेली.

(दृश्य: निखळलेला ब्लॉक, शेजारून जाणारा बूट)
मधुमेह मुरला की तळपायाची संवेदना कमी होऊ शकते. ठेच लागते, जखम होते, कळत नाही. आजी डांबरावरूनच चालतात. मागून रिक्षा.

(दृश्य: बाग, कट्टा, मैत्रिणी)
चालताना स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, इन्सुलिन कमी पडत असलं तरी. जागतिक आरोग्य संघटनेची 2020 ची शिफारस मधुमेह, रक्तदाब असलेल्यांनाही लागू आहे : आठवड्याला किमान 150 मिनिटं. देशात 10.1 कोटी मधुमेही असल्याचा अंदाज 2023 मध्ये प्रसिद्ध झाला.

(दृश्य: जंगली महाराज रस्ता, रुंद फुटपाथ, बाकं)
हेही पुणंच. इथं चालून दमलं तर बसायला बाक आहे. 11 डिसेंबर 2021 ला लक्ष्मी रस्त्यावर गाड्या थांबवून तो पादचाऱ्यांना मोकळा करून दिला होता. एक दिवस.

(दृश्य: परतीची वाट)
आजी फुटपाथकडे बघतही नाहीत. फाटकाशी येतात, भिंतीला हात टेकतात, बूट झटकतात.
सात वाजून पाच मिनिटं.