कांद्याचे केस आणि सातवा ठोका

[दृश्य: काळा पडदा. चार टिचक्या ऐकू येतात आणि पाचव्या ठोक्याला चित्र उजळते.]

पडद्यावर एक कांदा आहे. त्याला डोळे आहेत, चेहऱ्यावर काहीसा अवघडलेला भाव आहे आणि ठेक्याच्या चालीवर त्याच्या अंगावर एकेक केस उगवतो आहे. केस उगवून झाले की चिमटा पुढे येतो, आणि ज्या अंतराने ते उगवले त्याच अंतराने ते उपटायचे, एवढेच काम खेळणाऱ्याकडे असते. निन्टेन्डो कंपनीने २००६ साली जपानमध्ये गेम बॉय ॲडव्हान्स या हातात मावणाऱ्या यंत्रासाठी काढलेल्या ‘रिदम तेंगोकू’ या ताल-गेमच्या, म्हणजे ठेक्यावर बटण दाबायच्या खेळांच्या, संग्रहातला हा एक छोटा खेळ. त्सुंकू या जपानी संगीतकाराचा त्या संग्रहाच्या घडणीत मोठा वाटा होता. हे असले काही कोणी का खेळावे, असा प्रश्न धुळ्या-जळगावकडच्या कोणत्याही शहाण्या माणसाला पडेल, आणि बाजार समितीत कांद्याचा लिलाव पाहिलेल्या माणसाला तर तो अंमळ जास्तच पडेल.

या प्रश्नाचे उत्तर ‘लोकांना गंमत आवडते’ असे देऊन मोकळे होता येते, पण ते अर्धेच उत्तर झाले. अशा ताल-गेममधला चमत्कारिकपणा वरून लावलेली नक्षी नाही. ताल कानातून अंगात उतरवायचा असेल, तर खेळणाऱ्याच्या मनातली भीड आधी मोडावी लागते, आणि कांद्यासमोर कोणाला भीड वाटत नाही.

[दृश्य: कागदासारखा चपटा, टोपी घातलेला एक कुत्रा.]

कांदा या खेळांच्या जगात त्याही आधीपासून आहे. १९९६ च्या डिसेंबरात जपानमध्ये प्लेस्टेशनवर ‘पॅरप्पा द रॅपर’ हा गेम आला, तेव्हा त्यातल्या पहिल्याच गुरूचे डोके कांद्याचे होते. मासाया मात्सुउरा हे मुळात संगीतकार, आणि त्यांच्या नानाऑन-शा या संस्थेने रचलेल्या या खेळाची चित्रे रॉडनी ग्रीनब्लॅट या अमेरिकन चित्रकाराने काढली होती. पॅरप्पा नावाचा कुत्रा कराटे शिकतो, गाडी चालवायला शिकतो, कोंबडीकडून केक करायला शिकतो, आणि हे सारे शिक्षण रॅपच्या ओळींतून चालते: गुरू एक ओळ म्हणतो आणि शिष्याने ती बटणांच्या साहाय्याने तालात परत म्हणायची असते. पुढे एका टप्प्यावर पॅरप्पाला शौचालयाच्या रांगेत पुढचा नंबर हवा असतो आणि त्यासाठी त्याला आपल्या सगळ्या जुन्या गुरूंशी एकेक करून रॅपचा सामना करावा लागतो. नैसर्गिक निकड आणि कला यांची अशी सांगड आमच्याकडच्या तमाशातल्या सोंगाड्यालाही पसंत पडली असती.

या खेळातली एक गोष्ट तेव्हा फार थोड्यांच्या लक्षात आली. गुरूची ओळ हुबेहूब म्हटली, तर पुढे जाता येते, पण गुरूच्या ठेक्याला न सोडता आपली बटणे थोडी इकडेतिकडे खेळवली, तर दर्जा वाढतो आणि शेवटी गुरूच बाजूला होऊन शिष्याला मैदान मोकळे करून देतो. घोकलेले तंतोतंत म्हणणाऱ्याला पास करायचे आणि तालात राहून आपले काही घालणाऱ्याला शाबासकी द्यायची, ही दृष्टी नंतरच्या बहुतेक गेमनी सोडून दिली. त्यांनी अचूकपणाचे मोजमाप तेवढे ठेवले, आणि ते मला नुकसानीचे वाटते.

[दृश्य: नंदुरबार जिल्हा, अक्कलकुवा तालुका. रात्रीचा ढोल.]

सातपुड्यातल्या काठी गावाची राजवाडी होळी रात्रभर चालते आणि पहाटे पेटते. कमरेला घुंगरू आणि भोपळे बांधलेले, डोक्यावर मोरपिसांचे टोप चढवलेले नाचणारे मोठ्या ढोलाभोवती फेर धरतात, आणि त्या फेरात पहिल्यांदा शिरणाऱ्या पोराला कोणी पाऊल शिकवत बसत नाही. तो शेजारच्याच्या अंगाला अंग लावून चालतो, दोनचार वेळा चुकतो, आणि मग त्याचे पाऊल आपोआप ढोलावर पडू लागते. जळगाव-धुळ्याच्या लग्नांतही तेच घडते. वरातीत बँडवाल्याच्या कीबोर्डवर पावरीची चाल सुरू झाली, की मघापर्यंत खुर्चीवर हाताची घडी घालून बसलेले मामा उठतात. मूळची पावरी हे आदिवासींचे फुंकून वाजवायचे वाद्य आहे, आणि कीबोर्डवरचा तिचा आवाज तिची नक्कलच म्हणायचा, पण मामांना त्याच्याशी कर्तव्य नसते. पुढचा ठोका कुठे पडणार हे त्यांच्या खांद्याला आधीच कळलेले असते.

हे ‘आधीच कळणे’ हीच सगळ्या प्रकाराची किल्ली आहे. आवाज ऐकून मग बोट हलवायचे म्हटले, तर साध्या ध्वनीला प्रतिसाद द्यायलाही माणसाला साधारण दीडशे मिलिसेकंद किंवा त्याहून थोडा अधिक वेळ लागतो, आणि तोवर ठोका निघून गेलेला असतो. म्हणून तालात राहणारा माणूस आवाजाची वाट पाहत नाही. तो अंदाज बांधतो. एकसारख्या टिकटिकीवर बोट आपटायला सांगितले, तर बहुतेक माणसे टिक पडण्याच्या किंचित आधीच बोट आपटतात, आणि आपण अगदी नेमके आपटले, असे त्यांना मनापासून वाटत असते. ताल-गेमचा आनंद या अंदाजात आहे. आपण काळाच्या थोडे पुढे जाऊन उभे राहिलो आणि ठोका बरोबर आपल्या हातात येऊन पडला, ही जाणीव क्षणभराचीच असते, पण ती पुन्हा हवीशी वाटते.

विनोदाचेही तसेच असते. तोही ऐकणाऱ्याच्या अंदाजावर चालतो, आणि सोंगाड्याने अर्धा क्षण चुकवला तर हशा हुकतो. कांद्याचा केस अचूक ठोक्यावर उपटला गेला, तर जे हसू येते त्यात ताल जमल्याचे समाधान आणि विनोद कळल्याचे समाधान एकत्र मिसळलेले असते, आणि ती दोन वेगळी काढता येत नाहीत. चित्रविचित्र ताल-गेम रुक्ष ताल-गेमपेक्षा जास्त काळ लक्षात राहतात, ते यामुळे, असे माझे मत आहे.

[दृश्य: जळगावातली एक खोली. उन्हाळ्याची दुपार, बंद खिडकी, कूलर.]

अभियांत्रिकी शिकणारा एक मुलगा लॅपटॉपवर ‘रिदम डॉक्टर’ खेळतो आहे. सेव्हन्थ बीट गेम्स या मलेशियात मूळ असलेल्या छोट्या चमूचा हा गेम २०२१ साली अपूर्णावस्थेत विक्रीला आला. त्यात रुग्णालय आहे, रुग्ण आहेत, आणि प्रत्येकाच्या हृदयाची रेघ पडद्यावर धावते आहे. सहा ठोके ऐकायचे आणि सातव्यावर स्पेस बार दाबायचा, एवढा एकच नियम आहे. मग खेळ हळूहळू खोड्या काढू लागतो. कधी मधला एखादा ठोका गुपचूप राहतो, कधी चित्रात बिघाड झाल्यासारखे पट्टे उमटतात, आणि एका टप्प्यावर तर गेमची खिडकीच लॅपटॉपच्या पडद्यावर इकडून तिकडे पळू लागते. डोळ्यांवर विसंबणारा इथे हमखास फसतो.

खोलीच्या कोपऱ्यात त्याची आजी सुपात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली आहे. ‘काय करी ऱ्हायना रे भाऊ?’ असे तिने एकदा विचारले, नातवाने ‘पेशंट वाचवतोय’ असे सांगितले, आणि तिने मान डोलावून विषय संपवला. ती बसली आहे तिथून पडदा दिसत नाही. पण थोड्या वेळाने शेंग फुटण्याचा आवाज सातव्या ठोक्यावर पडू लागतो. सहा ठोके शेंग चिमटीत धरलेली, सातव्याला फट्. नातू चित्राच्या गोंधळाने तिसऱ्यांदा चुकतो, तेव्हाही सुपाकडचा ठेका हललेला नसतो. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशची कानबाई देवी बसते आणि सोमवारी तिचे विसर्जन होते, त्या दरम्यान एकीने गाणे उचलायचे आणि बाकीच्यांनी ते झेलायचे, यात जिचा जन्म गेला तिला सात मोजायला पडदा लागत नाही.

‘पॅटापॉन’ हा सोनीचा गेम तर या उचलण्या-झेलण्यावरच उभा आहे. २००७ च्या अखेरीस तो जपानमध्ये प्लेस्टेशन पोर्टेबलवर आला. रोलितो या फ्रेंच चित्रकाराच्या शैलीतली, एका डोळ्याची काळी चिमुकली माणसे हे त्यातले सैन्य, आणि खेळणारा म्हणजे त्यांचा ढोल वाजवणारा देव. ‘पाटा पाटा पाटा पोन’ असे चार ठोके दिले की सैन्य तेच चार ठोके गात पुढे सरकते. ‘पोन पोन पाटा पोन’ दिले की हल्ला करते. सैन्य गात असताना देवाने गप्प राहायचे असते. घाईने मध्येच बटण दाबले, तर चाल मोडते. सेनापतीलाही आपली पाळी येईपर्यंत थांबावे लागते, अशी लढाई गेमच्या जगात विरळाच.

[दृश्य: पांढऱ्या रेषांचा ससा. त्याचा बेडूक होतो, बेडकाची अळी होते.]

चुकणाऱ्याला हे खेळ कसे वागवतात, हेही पाहण्यासारखे आहे. मात्सुउरा यांच्याच १९९९ सालच्या ‘व्हिब-रिबन’मध्ये व्हिब्री नावाची सशीण एका रेषेवरून चालते, आणि खेळणारा चुकत गेला तर तिच्या रेषा थरथरू लागतात, तिचा बेडूक होतो आणि मग अळी होते, नीट खेळले तर ती पुन्हा वर चढते. ‘रिदम तेंगोकू’मध्ये एकाच ठिकाणी वारंवार नापास होणाऱ्याला कॅफेचा मालक ‘राहू द्या, पुढे जा’ म्हणून सवलत देतो. २०२२ च्या ‘ट्रॉम्बोन चॅम्प’ने तर चुकण्यालाच मुख्य आकर्षण केले: त्यात माउस वरखाली सरकवून ट्रॉम्बोन वाजवायचा असतो, स्वर घसरत, ओरडत, बेसूर होत बाहेर पडतात, आणि बीथोव्हेनची पाचवी सिंफनी अशा रीतीने वाजू लागली की वाजवणारा आणि ऐकणारे दोघेही हसून बेजार होतात. प्लास्टिकची गिटार हातात घेऊन खेळायच्या २००५ च्या ‘गिटार हीरो’ने आणि त्याच्या भावंडांनी याच्या उलट, घराघरांतल्या माणसाला आपण मंचावरचे तारे आहोत असा भास दिला. तो भास काही वर्षे धो-धो विकला गेला, प्लास्टिकच्या गिटारींनी माळे भरले, आणि २०११ साली कंपनीने ती मालिका थांबवली. हसू मात्र त्यामानाने कमी भांडवलात टिकले.

‘व्हिब-रिबन’ची आणखी एक करामत सांगितल्याशिवाय राहवत नाही. हा गेम एकदा सुरू झाला की त्याची डिस्क काढून तिथे आपल्या पसंतीची ऑडिओ सीडी घालता येत असे, आणि त्या गाण्याच्या चढउतारांवरून सशिणीच्या वाटेवरचे खड्डे आणि वळणे तयार होत. म्हणजे धुळ्याच्या बाजारातून आणलेली अहिराणी गाण्यांची ऑडिओ सीडी जपानी सशिणीच्या पायाखाली अंथरणे १९९९ सालीच तांत्रिकदृष्ट्या शक्य होते.

आजची अडचण वेगळी आहे, आणि ती अगदी क्षुल्लक वाटते. हल्ली प्रत्येक पोराच्या कानात बिनतारी इअरफोन असतात, आणि ब्लूटूथवरून आवाज कानापर्यंत पोचायला शंभर-दोनशे मिलिसेकंद सहज लागतात. मिनिटाला १२० ठोक्यांचे गाणे घेतले, तर दोन ठोक्यांमध्ये ५०० मिलिसेकंद असतात, म्हणजे उशीर ठोक्याच्या चौथ्या हिश्शाच्या आसपास किंवा त्याहून जास्त होतो, आणि कितीही चांगला तालाचा माणूस अशा वेळी बेताल ठरतो. गेमच्या सेटिंगमध्ये हा फरक भरून काढण्याची सोय बहुधा असते, पण तारेचे साधे इअरफोन लावणे हाच त्यावरचा स्वस्त आणि खात्रीचा उपाय आहे. आपल्याला तालच नाही, अशी समजूत करून घेऊन गेम काढून टाकणाऱ्यांपैकी किती जण खरे तर इअरफोनचे बळी असतील, कोण जाणे.

[दृश्य: पुन्हा जळगावची खोली. पडद्यावर दोन गोळे एकमेकांभोवती फिरत फरशांच्या वाटेने पुढे जात आहेत.]

‘रिदम डॉक्टर’च्याच चमूचा ‘अ डान्स ऑफ फायर अँड आइस’ हा दुसरा गेम आपली स्वतःची लेव्हल बनवू देतो. त्यात एक गोळा दुसऱ्याभोवती फिरतो आणि पुढच्या फरशीवर आला की बटण दाबायचे; वाट सरळ असेल तर एक पूर्ण ठोका, आणि काटकोनात वळली तर त्याच्या निम्मा किंवा दीडपट. म्हणजे वाटेचा आकार हाच ताल. मुलाने मावसभावाच्या वरातीत मोबाइलवर ध्वनिमुद्रित केलेली पावरीची चाल या वाटेवर बसवायला घेतली आहे. संगणकावर रचलेल्या गाण्याला हे सोपे जाते, कारण तिथे लय शेवटपर्यंत हलत नाही. वरातीचा बँड तसा वाजत नाही. नवरदेव घोड्यावरून उतरायला आला की लय चढते, कोणी नोट ओवाळली की ती आणखी चढते, आणि ढोलवाल्याने घाम पुसायला हात काढला की किंचित बसते. त्यामुळे लयीचा आकडा त्याला फरशीफरशीला बदलावा लागतो. पहिल्या दीड मिनिटाची वाट तयार झाली आहे. मधल्या एका ठिकाणी, जिथे जनरेटर बंद पडून कीबोर्ड थांबला आणि नुसता ढोल चालू राहिला, तिथे त्याने वाट सरळ ठेवली आहे, आणि पुढच्या फरश्या तो आता एकेक करून ऐकत मांडतो आहे.