खाली जाऊन येते

(लघुमाहितीपटाचं निवेदन)

दृश्य : लालबाग, सकाळचे पावणेसात. चाळीतल्या खोलीचं दार, आतल्या बाजूनं.

दाराच्या मागे खिळा, खिळ्याला ओढणी. ही ओढणी आता कुठल्याही ड्रेसची नाही. तिचा ड्रेस केव्हाच फाटला, त्याची लादी पुसायची फडकी झाली. ओढणी उरली ती गाऊनसाठी. खाली भाजीची गाडी आली, पोराच्या बसचा हॉर्न वाजला, की एक हात खिळ्याकडे जातो आणि दुसरा कडीकडे. ओढणी छातीवरून पुढे, दोन्ही टोकं पाठीवर. "खाली जाऊन येते" हे वाक्य पुरं होईपर्यंत बाई जिन्याच्या वळणावर पोचलेली असते.

मुंबईत कोणाचे आईवडील रोज काय घालतात, हे जातीवर, धर्मावर आणि पगारावर ठरतं असं म्हणतात. ते खरंच आहे. पण त्याच्याही आधी मोजायला हव्यात घरापासून रस्त्यापर्यंतच्या पायऱ्या, आणि धुतलेलं वाळत घालायच्या दोरीची लांबी.

दृश्य : बीडीडी चाळीचा व्हरांडा. दोन्ही बाजूंना दारं.

बीडीडी म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट. १९२० च्या दशकात या चाळी उभ्या राहिल्या : वरळी, नायगाव, शिवडी आणि ना. म. जोशी मार्ग. खोली १६० चौरस फुटांची, संडास मजल्यावर सामाईक. म्हणजे उठल्यावरची पहिली फेरीच शेजाऱ्यांच्या दारांवरून. झोपायचे कपडे वेगळे आणि चारचौघांतले वेगळे, ही चैन इथं परवडत नाही. एकाच कपड्यात निजायचं, स्वयंपाक करायचा, पाणी भरायचं आणि वाण्याकडेही जायचं. आधी हे काम जुनं मऊ लुगडं करायचं, नंतर सहावारी सुती साडी. आता गाऊन करतो. कोणी त्याला मॅक्सी म्हणतं.

गाऊनला लोक हसतात. शिवताना बघितला तर हसू येणार नाही.

दृश्य : पोटमाळ्याखाली शिलाई मशीन. कापडावर खडू फिरतोय.

कापड तीन मीटर, पन्हा म्हणजे रुंदी ४४ इंच. उंची ५४ धरली तर पुढचा एक तुकडा, मागचा एक, आणि खालच्या दुमडीला दोन-दोन इंच. एवढ्यात जवळपास सगळं कापड संपतं. बाह्या निघतात कडेच्या उरलेल्या तिरक्या पट्ट्यांतून, म्हणून गाऊनची बाही नेहमी आखूड. ती काही फॅशन नाही, कापडाचा हिशेब आहे.

पण कात्री लावायच्या आधी कापड रात्रभर पाण्यात. हे ज्यानं टाळलं त्याचा गाऊन पहिल्याच धुण्यात दोन इंच आटतो. सुती कापड शेकडा तीन ते पाच आटतंच. ५४ चा ५२ होतो. कागदावर दोन इंच काहीच नाहीत. जिन्यावर आहेत. घोट्याला टेकणारा गाऊन पोटरीवर आला की तो घरातलाच राहतो, खाली जायच्या कामाचा उरत नाही. म्हणून जुन्या शिवणाऱ्या बायका खालची दुमड दोन इंचांची ठेवतात, वेळ पडली तर उसवून सोडायला.

मग योक. खांद्यापासून आठ-नऊ इंचांवर आडवी जोडणी, तिच्याखाली चुण्या. चुण्या मध्यभागी गोळा करायच्या, बगलेपर्यंत न्यायच्या नाहीत. नेल्या तर हात वर केल्यावर बगलेत ओढ बसते आणि तिथंच फाटतं. दोरीवर कपडे टाकणाऱ्या बाईचा हात दिवसातून किती वेळा वर जातो, ते शिवणारीला पक्कं ठाऊक असतं, कारण ती स्वतःही तेच करते. छाती अंगापेक्षा आठ इंच सैल. घेर ७० ते ७२, म्हणजे खाली बसून पोळ्या लाटताना, पाय दुमडून भाजी निवडताना गुडघ्यावर कापड ताणत नाही.

गळ्याला पायपिंग. त्याची पट्टी सव्वा इंचाची आणि उरेबातच, म्हणजे तिरकी, कापलेली हवी. सरळ कापली तर कापड वाचतं, पण गळा उभा राहतो आणि सुरकुततो. बाजारच्या स्वस्त गाऊनची ओळख पटवायची तर तिथं बघा.

दृश्य : अगदी जवळून. बाजूची शिवण, खिसा.

आणि खिसा. उजव्या हाताला, बाजूच्या शिवणीत. आत मोबाइल, किल्ली, सुटे पैसे. फोन जसे जड झाले तशी ही शिवण फाटायला लागली. खिशाच्या तोंडाला वरच्या आणि खालच्या टोकाशी टाका तीनदा मागेपुढे घ्यायचा, आत सुती पट्टी लावायची. खिसा फार खाली लावला तर चालताना फोन मांडीवर आपटतो. फार वर लावला तर वाकल्यावर घरंगळून बाहेर. हात सरळ सोडला की मनगट जिथं येतं, तिथं खिशाचं तोंड.

बाळंतिणीच्या गाऊनला पुढे दोन उभ्या चेन, चुण्यांत लपलेल्या. चेन प्लॅस्टिकची, धातूची गंजते आणि कापडावर डाग पडतो.

(इथं निवेदन नाही. मशीनचा आवाज चालू द्यावा.)

गिरणगावातल्या या गाऊनचं कापड गिरणगावातलं नसतं. गुजरातमधल्या जेतपूर आणि राजस्थानातल्या पालीसारख्या छपाईच्या गावांतून ते मुंबईच्या घाऊक बाजारात येतं. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, तेव्हा अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार बाहेर पडले. पुढे एकेक गिरणी बंद पडत गेली. कापड विणणाऱ्यांच्या घरात आता कापड बाहेरून येतं.

दृश्य : परळ, शाळेच्या वाटेवर स्कूटर. मागे दप्तर, पुढे पोर.

आता वडील. कमरेखाली थ्री-फोर्थ, बाजूला दोन मोठे खिसे. वर टी-शर्ट, आणि तो विकत घेतलेला नाही. पाठीवर वाचा : गणेशोत्सव मंडळ, गोविंदा पथक, क्रिकेटची बॉक्स टूर्नामेंट, स्थानिक नेत्याचा हात जोडलेला फोटो. दरवर्षी दोन-तीन मिळतात, वर्षभर पुरतात. कापड पॉलिस्टरचं, डॉट निट म्हणतात ते. रंग जात नाही, इस्त्री लागत नाही, पंख्याखाली रात्रीत वाळतं. घाम मात्र शोषत नाही.

हा टी-शर्ट लक्षात ठेवा.

दृश्य : वरळी कोळीवाडा. होड्या, जाळी, ओटा.

इथली म्हातारी आई नऊवारीत आहे. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर कापड, तरी पोटरी उघडी. कमरेला गाठ घट्ट, निऱ्या पुढे, मग त्या पायांमधून मागे ओढून कण्याशी खोचायच्या. लुगडं गुडघ्याशी थांबतं कारण त्याखाली पाणी असतं. काष्टा बोटभर जरी सैल राहिला, तरी भिजलेलं कापड जड होऊन तो मागून सुटतो, म्हणून खोचताना श्वास सोडून पोट आत घेतात. बघा हात कसे चालतात. आरसा नाही, पिन नाही.

त्याच ओट्यावर तिची सून गाऊनमध्ये. ओढणी कमरेला करकचून बांधलेली. काम तेच, काष्ट्याची जागा ओढणीच्या गाठीनं घेतली.

दृश्य : मदनपुरा, शाळा सुटायची वेळ.

लालबागमध्ये ओढणी जे करते, ते इथं अबाया करतो. आत घरातला गाऊन किंवा सलवार-कमीज, वरून अबाया, आणि बाई दोन मिनिटांत रस्त्यावर. कापड बहुतेक निदा : सुरकुतत नाही, अंगाला चिकटत नाही. माप छातीचं विचारत नाहीत, उंचीचं विचारतात : ५२, ५४, ५६, ५८. खांद्यापासून खालपर्यंत इंच. एक नंबर मोठा घेतला की सरकत्या जिन्यात कड अडकते आणि पावसात चिखल ओढते. तयार अबाया घेतला की पहिली फेरी दुरुस्तीवाल्याकडे, तळ उचलून घ्यायला.

पुढच्या गल्लीत बोहरा आया रिदामध्ये. रिदा दोन तुकड्यांचा असतो, वरचा डोक्यापासून कमरेपर्यंत, खाली घागरा. फिकट निळा, गुलाबी, पिस्ता, कडेला लेस. त्यांच्या शेजारी पांढऱ्या कुडत्यात, सोनेरी किनारीच्या पांढऱ्या टोपीत वडील.

दृश्य : माटुंगा, देवळाबाहेर फुलांचे हारे.

वेष्टी, म्हणजे दाक्षिणात्य लुंगीसारखं धोतर, नेसलेले आजोबा नातवाला सोडायला निघालेत. रस्ता ओलांडताना खालची कड उचलून गुडघ्यावर दुमडली, देवळाच्या पायरीशी सोडली. एवढंच बघण्यासारखं होतं, आणि ते पुरेसं आहे.

दृश्य : घाटकोपर, रेल्वे पूल, सव्वाआठ.

पोराला पाळणाघरात सोडून आठ-वीसची लोकल पकडायची असेल, तर साडी वर्षातून मोजक्या दिवशी. बायकांच्या डब्यात चढताना पदर कोणाच्या तरी पर्सच्या चेनमध्ये अडकतो, निरी कोणाच्या तरी चपलेखाली येते. म्हणून कुर्ती आणि लेगिंग. कुर्तीची उंची ४४ ते ४६, दोन्ही बाजूंना कट, कमरेखाली सात-आठ इंचांवरून सुरू झालेला. कट लहान असेल तर पायरी चढताना उसवतो, आणि तो नेमका पुलावरच उसवतो. ओढणी असेल तर ती मागे गाठ मारून, बॅग पोटाशी. लेगिंग शेकडा पंच्याण्णव सुती, पाच लायक्रा. स्वस्तातली घेतली की महिनाभरात गुडघ्यावर फुगे येतात.

पर्समध्ये मात्र चार सेफ्टी पिना असतातच. साडी गेली, पिना राहिल्या.

दृश्य : पवई, मोठ्या संकुलाचं फाटक. गाड्या, सायकली, स्ट्रोलर.

इथं आई लायक्राच्या घट्ट पॅन्टमध्ये, पायात पळायचे बूट. जिमला जायच्या आधी किंवा नंतर. बाबा बर्म्युडात, रबरी क्लॉगमध्ये. आणि अंगात फुकट मिळालेला टी-शर्ट. पाठीवर मॅरेथॉनचं नाव, वर्ष, अंतर. मुंबईत जानेवारीतली मोठी मॅरेथॉन २००४ पासून होते. तेव्हापासूनचे टी-शर्ट कपाटात साठलेत. कापड हात लावून बघा : पॉलिस्टरच, परळच्या गोविंदा पथकाच्या टी-शर्टचा सख्खा भाऊ. एकाला वॉशिंग मशीन मिळतं, दुसऱ्याला बादली. एकाला सुटसुटीत म्हणतात, दुसऱ्याला गबाळा.

दृश्य : पाऊस. गॅलरीतल्या दोऱ्या, छताला टांगलेल्या काठ्या.

जुलैत सुती गाऊन वाळायला दोन दिवस लागतात. तीन गाऊन असतील तर एक अंगावर, एक दोरीवर, एक पंख्याखाली, आणि पाहुणे आले की पंचाईत. पावसाळ्यात म्हणून अल्पाइनचा, सिंथेटिक मिश्रणाचा गाऊन निघतो. तो गॅसपासून लांब ठेवायचा, कारण असं कापड पेटण्याबरोबर वितळतं आणि अंगाला चिकटतं. दादरच्या सखल हिंदमाताला पाणी भरलं की सगळ्या वस्त्यांचा पोशाख एकच होतो : जे काही असेल ते गुडघ्यापर्यंत वर.

दृश्य : वरळी, नवा टॉवर. लिफ्टचं दार उघडतं.

पुनर्विकासात १६० चौरस फुटांच्या जागी ५०० चौरस फुटांचं घर. संडास घरात आला. गाऊनची जिन्यावरची फेरी संपली, पण लिफ्ट आली. लिफ्टमध्ये आरसा आहे, कॅमेरा आहे, आणि बाविसाव्या मजल्यावरचा माणूस आहे ज्याला कोणी ओळखत नाही. चाळीत शेजारणीसमोर ओढणी पुरायची. इथं खाली जायचं तर कपडे बदलावे लागतात.

गाऊनवर डोळा ठेवणारे पहिल्यापासून आहेतच. २०१४ साली नवी मुंबईतल्या गोठिवलीत दिवसा गाऊन घालून बाहेर फिरणाऱ्या बाईला ५०० रुपये दंड, असं फर्मान निघालं होतं, काढणाऱ्याही बायकाच. आता काही शाळांच्या फाटकावर सूचना असते, पालकांनी गाऊन किंवा बर्म्युडा घालून येऊ नये. त्यामुळे काही आया कोपऱ्यावरूनच मूल आत पाठवतात आणि बाईंना भेटायचं असलं तर शेजारणीला सांगतात.

दृश्य : साडेबारा. शाळेच्या फाटकासमोरचा पदपथ.

सगळ्या एकाच सावलीत उभ्या आहेत. ओढणी, अबाया, कुर्ती, एक नऊवारी आजी, मंडळाचा टी-शर्ट घातलेला एक बाप. घंटा होते. पोरं धावत येतात आणि पहिल्यांदा हात घालतात तो गाऊनच्या उजव्या खिशात. तिथं सुटे पैसे असतात.

(निवेदन समाप्त. फाटकाचा आवाज शेवटपर्यंत.)