एकच गाडी सगळ्यांना, तरी जिंकते प्रेमा

नमस्कार श्रोतेहो.

एप्रिल २०१७. बहरीनचा ट्रॅक. फॉर्म्युला वनच्या एक पायरी खालच्या फॉर्म्युला टूची छोटी शर्यत चालू आहे, जिला स्प्रिंट म्हणतात. या शर्यतीत टायर बदलायची सक्ती नसते, त्यामुळे पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी टायर बदलायच्या जागेत, सहसा कुणी वळत नाही. वळलात की निदान वीस सेकंद गेले, आणि एवढ्याशा शर्यतीत ती भरून निघणं कठीण. अशा वेळी सगळ्यांच्या पुढे पळणारा एकोणीस वर्षांचा मुलगा, शार्ल लक्लेर, पिटमध्ये वळला. नवे टायर चढवून बाहेर आला तेव्हा तो चौदावा होता. बाकीच्यांचे टायर झिजत चालले होते, याचे ताजे होते. एकेकाला मागे टाकत तो पुढे सरकत गेला, आणि शेवटच्या लॅपमध्ये लूका गिओत्तोला ओलांडून त्याने शर्यत जिंकली.

दुसऱ्या दिवशी छापून आलं ते लक्लेरचं नाव. ते योग्यच होतं, कारण तेरा गाड्या त्यानेच ओलांडल्या. पण पहिल्या नंबरवर असलेल्या पोराला आत बोलवायची हिंमत पिटच्या भिंतीशी बसलेल्या माणसांची होती. बहरीनचा डांबर टायर किती खातो याचं गणित त्यांनी मांडलं होतं आणि त्या गणितावर विश्वास ठेवला होता. या टीमचं नाव प्रेमा. आज मी तुम्हाला तिचीच गोष्ट सांगणार आहे.

आधी थोडं मैदान समजून घेऊ. फॉर्म्युला वनपर्यंत जायला पायऱ्या आहेत. लहानपणी कार्टिंग, म्हणजे छोट्या उघड्या गाड्यांच्या शर्यती, मग पंधराव्या वर्षाच्या आसपास फॉर्म्युला फोर, मग फॉर्म्युला रीजनल, मग थ्री, मग टू. या सगळ्या एकाच सीटच्या, उघड्या चाकांच्या गाड्या. फॉर्म्युला वनमध्ये प्रत्येक टीम आपली गाडी स्वतः बनवते. खालच्या पायऱ्यांवर मात्र सगळ्यांना एकच गाडी मिळते. फॉर्म्युला टूचंच बघा. चेसिस, म्हणजे गाडीचा सांगाडा, सगळ्यांचं इटलीतल्या दल्लाराचं, इंजिन मेकाक्रोमचं, टायर पिरेलीचे. तुम्ही कितीही हुशार इंजिनिअर आणा, पंखाचा आकार बदलता येत नाही की इंजिनाला हात लावता येत नाही.

मग प्रश्न असा की गाडी एकच असेल, तर काही टीम वर्षानुवर्षं पुढे कशा राहतात? मला या खेळात सगळ्यात जास्त ओढ आहे ती याच प्रश्नाची.

उत्तर वर्कशॉपमध्ये सापडतं. शर्यतीआधी गाडी अगदी सपाट केलेल्या पाटांवर उभी करतात. चारही चाकांखाली वजनकाटे असतात. कोणत्या चाकावर किती किलो भार येतोय ते पाहून स्प्रिंगचा ताण थोडा कमी-जास्त केला जातो. गाडीच्या दोन्ही बाजूंनी दोऱ्या ताणून चाकं किती आत किंवा बाहेर वळलीत ते मोजतात, आणि फरक मिलिमीटरच्याही अंशात धरतात. गाडीचं पोट जमिनीपासून किती उंच ठेवायचं, पुढचा पंख किती कलवायचा, डॅम्पर, म्हणजे धक्के शोषणारे भाग, किती घट्ट ठेवायचे, हे ज्याचं त्याने ठरवायचं असतं. नियमांनी तेवढी मोकळीक दिलेली आहे. त्यात सरावाला मिळतात जेमतेम पाऊण तास आणि सुरुवातीचा क्रम ठरवणाऱ्या पात्रता फेरीला अर्धा तास. नवे टायर उत्तम पकड देतात ते एखाद-दुसरा लॅपच. त्या लॅपला गाडी चुकीची उभी असली तर आख्खा शनिवार-रविवार हातचा गेला. म्हणून खरं काम ट्रॅकवर यायच्या आधीच झालेलं असावं लागतं, आणि प्रेमाची कीर्ती याच तयारीची.

ही टीम १९८३ साली अँजेलो रोझिन आणि जॉर्जिओ पिकोलो या दोघांनी काढली. जागा उत्तर इटलीत, व्हेनेतो प्रांतात, विचेन्झा शहराजवळ. ग्रिसिन्यानो दी झोको हे गाव प्रेमाचं म्हणून रेसिंगच्या जगात ओळखलं जाऊ लागलं. सुरुवातीची वर्षं इटालियन फॉर्म्युला थ्रीत गेली. १९९० साली रॉबेर्तो कोल्चागोने तिथलं विजेतेपद मिळवून दिलं. त्याच सुमारास एक कॅनेडियन मुलगा तिथे गाडी चालवत होता, जॅक विलनव्ह. तो पुढे १९९७ साली फॉर्म्युला वनचा जगज्जेता झाला. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आणखी दोन इटालियन विजेतेपदं आली. टीम चांगली होती, पण घरच्याच अंगणात.

चित्र बदललं ते २००३ साली. युरोपभर फिरणारी फॉर्म्युला थ्री युरो सिरीज त्या वर्षी सुरू झाली आणि पहिल्याच वर्षी प्रेमाच्या रायन ब्रिस्कोने ती जिंकली. पण त्या वर्षातली मला जास्त भावते ती दुसरी हकीकत. रॉबर्ट कुबित्सा नावाचा पोलिश तरुण त्याच टीममध्ये होता. हंगाम सुरू व्हायच्या आधी रस्त्यावरच्या अपघातात त्याचा हात मोडला. सुरुवातीच्या शर्यती हुकल्या. न्यूरेंबर्गच्या नोरिसरिंगवर तो पहिल्यांदा उतरला तेव्हा हाडात अजून स्क्रू होते. भिंतींमधून जाणारा, जोरात ब्रेक लावायला लावणारा तो ट्रॅक. त्या गाड्यांना पॉवर स्टिअरिंग नसतं, प्रत्येक वळणाला हातानेच ताकद लावावी लागते. कुबित्साने ती शर्यत जिंकली. आणि २०२२ साली, फॉर्म्युला वन अनुभवून, २०११ च्या रॅलीतल्या भीषण अपघातातून उजवा हात कसाबसा वाचवून परत आलेला हाच कुबित्सा लांब पल्ल्याच्या शर्यतींच्या जागतिक एन्ड्युरन्स स्पर्धेत पुन्हा प्रेमाच्या गाडीत बसला. एकोणीस वर्षांनी! सहसा इथली माणसं दोन हंगाम राहतात आणि निघून जातात, म्हणून ही परतभेट मला मोठी वाटते.

पुढे अँजेलो यांचा मुलगा रेने याने टीमप्रमुख म्हणून सूत्रं हाती घेतली. आई ग्रात्सिया त्रोनकोन याही कारभारात होत्या. २०११ ते २०१६ या सलग सहा वर्षांत युरोपच्या फॉर्म्युला थ्रीचं विजेतेपद प्रेमाच्याच कोणा ना कोणा चालकाने जिंकलं: मेर्ही, हुंकादेया, मार्चेल्लो, ओकॉन, रोझेनक्विस्ट, स्ट्रोल. २०१७ साली ही साखळी तोडली ती लँडो नॉरिसने, ब्रिटनच्या कार्लिन टीमच्या गाडीतून.

आता पैशाबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. या पायऱ्यांवर चालकाला पगार मिळत नाही. उलट सीटसाठी चालकाकडूनच पैसे येतात: घरचे, प्रायोजकाचे किंवा फॉर्म्युला वनच्या एखाद्या अकादमीचे. फॉर्म्युला टूच्या एका हंगामाला कित्येक कोटी रुपये लागतात. जी टीम जिंकते तिच्याकडे उत्तम चालक आणि भरपूर पैसा दोन्ही येतात, मग ती अजून जिंकते. वर ज्या स्ट्रोलचं नाव घेतलं त्याचे वडील लॉरेन्स स्ट्रोल हे अब्जाधीश, आणि त्यांनी प्रेमातही गुंतवणूक केली होती. तेव्हा या सगळ्या विजयांना फक्त मेहनतीचं फळ म्हणणं मला पटत नाही. पैशाने मोठा हात दिला आहे, आणि या खेळातली ही गोष्ट मला खरोखर बोचते. पैसा नसलेली किती गुणी मुलं कार्टिंगच्या पुढे जातच नसतील. पण पैसेवाल्या टीम अनेक आहेत. त्या सगळ्या सहा वर्षं सलग जिंकत नाहीत, हेही तितकंच खरं.

२०१६ साली प्रेमा जीपीटूमध्ये उतरली. हीच स्पर्धा पुढच्या वर्षीपासून फॉर्म्युला टू झाली. नव्या टीमला तिथे दोन-तीन वर्षं तरी चाचपडावं लागतं असा अनुभव. प्रेमाचे दोन्ही चालक, पिएर गॅस्ली आणि अंतोनियो जोव्हिनाझ्झी, पहिल्याच हंगामात शेवटच्या शर्यतीपर्यंत विजेतेपदासाठी एकमेकांशी झुंजत राहिले. अबू धाबीला निकाल लागला, गॅस्ली आठ गुणांनी पुढे. दोघेही नंतर फॉर्म्युला वनमध्ये गेले.

मग आला लक्लेर. बहरीनची शर्यत सांगितलीच. त्याच वर्षी जूनमध्ये, बाकूच्या शर्यतीच्या काही दिवस आधी, त्याचे वडील गेले. तो बाकूला आला, पोल पोझिशन, म्हणजे सगळ्यांत पुढून सुरुवात करायची जागा, घेतली आणि मोठी शर्यत जिंकली. विशीही न गाठलेल्या मुलाला अशा आठवड्यात गाडीत बसवायचं, त्याला लागेल तेवढंच बोलायचं आणि बाकीचा भार त्याच्यापर्यंत पोचू द्यायचा नाही, हे टीमचं काम कुठल्याही वजनकाट्यावर दिसत नाही. ऑक्टोबरमध्ये हेरेझला, हंगामाची एक फेरी बाकी असतानाच, तो विजेता ठरला.

मिक शूमाकरची गोष्ट वेगळ्या जातीची. सात वेळा जगज्जेता झालेल्या मायकेलचा हा मुलगा, म्हणजे पहिल्या दिवसापासून कॅमेरे मागे. युरोपियन फॉर्म्युला थ्रीत पहिल्या वर्षी तो बारावा आला. दुसऱ्या वर्षी अर्धा हंगाम झाला तरी विजय नव्हता. जुलैमध्ये बेल्जियमच्या स्पा ट्रॅकवर पहिला विजय मिळाला, नंतर त्यांची रांगच लागली आणि २०१८ चं विजेतेपद त्याचं झालं. फॉर्म्युला टूमध्येही तेच: २०१९ साली बारावा, २०२० साली विजेता. त्या २०२० च्या हंगामात त्याने शर्यती जिंकल्या फक्त दोन. त्याच्याच टीममधल्या रॉबर्ट श्वार्ट्झमनने चार जिंकल्या होत्या. पण मिक जवळजवळ दर वेळी गुण घेऊन घरी आला. पहिल्या वर्षी शिकू द्यायचं, घाई करायची नाही, हे धोरण आडनावाच्या एवढ्या दडपणाखाली टिकवणं सोपं नव्हतं.

ऑस्कर पियास्त्रीला एवढा वेळही लागला नाही. २०२० मध्ये तो प्रेमाकडून फॉर्म्युला थ्रीचा विजेता झाला, तेही अवघ्या तीन गुणांनी. २०२१ मध्ये फॉर्म्युला टू, पहिल्याच प्रयत्नात.

याच टीममध्ये आपला एक मुंबईकरही होता. जेहान दारूवाला. २०११ साली फोर्स इंडिया या फॉर्म्युला वन टीमने देशभरातून कार्टिंगची गुणी मुलं शोधली, त्यातून तो पुढे आला. २०१९ च्या फॉर्म्युला थ्रीत प्रेमाच्या तीन गाड्यांनी पहिले तिन्ही नंबर घेतले: श्वार्ट्झमन, आर्मस्ट्राँग आणि तिसरा जेहान. बार्सेलोना आणि पॉल रिकार्डला त्याने शर्यती जिंकल्या. २०२२ मध्ये तो फॉर्म्युला टूसाठी पुन्हा प्रेमात आला आणि सप्टेंबरमध्ये मोंझाची मुख्य शर्यत जिंकला. इटालियन टीमच्या घरच्या मैदानावर व्यासपीठावर आपलं राष्ट्रगीत वाजलं. त्या वर्षी त्याने मॅक्लॅरेनची फॉर्म्युला वन गाडीही चाचणीत चालवली. पण वरची सीट मिळाली नाही. कार्तिकेयन आणि चंधोक यांच्यानंतर कोणी भारतीय फॉर्म्युला वनच्या शर्यतीत उतरलेला नाही, आणि जेहान त्या दारापर्यंत पोचला होता याची मला आजही हळहळ वाटते.

प्रेमाचा मुंबईशी दुसरा धागा म्हणजे मुंबई फाल्कन्स. २०२१ च्या सुरुवातीला या भारतीय टीमने आशियाई फॉर्म्युला थ्रीत भाग घेतला, जेहान आणि बंगळूरुचा कुश मैनी यांना घेऊन, आणि तांत्रिक बाजू प्रेमाने सांभाळली.  २०२३ मध्ये आखाती देशांतल्या फॉर्म्युला रीजनलचं विजेतेपद मुंबई फाल्कन्सच्या गाडीतून एका सोळा वर्षांच्या इटालियन मुलाने जिंकलं. त्याचं नाव आंद्रेआ किमी अंतोनेल्ली. दोन वर्षांनी तो मर्सिडीजच्या फॉर्म्युला वन गाडीत होता.

याच अंतोनेल्लीच्या निमित्ताने प्रेमाची पडती बाजूही सांगायला हवी. २०२४ मध्ये फॉर्म्युला टूला नवी गाडी आली. प्रेमाकडे अंतोनेल्ली आणि ऑलिव्हर बेअरमन, त्या काळातली सर्वांत गाजलेली जोडी, आणि पहिल्या फेरीत दोघांच्या हाती जवळजवळ काहीच नाही. नवी गाडी त्यांना लवकर समजलीच नाही. जुन्या गाडीचं सगळं जमवलेलं ज्ञान बाजूला ठेवून पुन्हा पहिल्यापासून मोजमाप सुरू करावं लागलं. दुसऱ्याच फेरीत, जेद्दाला, बेअरमनने पोल घेतली, पण ती शर्यत तो धावलाच नाही. फेरारीच्या फॉर्म्युला वन टीमचा चालक साइन्झ याला अपेंडिक्सचा त्रास झाला आणि अठरा वर्षांच्या बेअरमनला थेट फेरारीत बसवलं. तो सातवा आला. प्रेमाला आपली पोलवरची गाडी मोकळी ठेवावी लागली. ज्युनिअर टीमचं जगणं असंच असतं. माणूस तयार झाला की तो त्याच दिवशी मागितला जातो, आणि नाही म्हणता येत नाही.

पुढच्या वर्षी प्रेमा अमेरिकेतल्या इंडीकार या उघड्या चाकांच्या गाड्यांच्या स्पर्धेत उतरली. मे २०२५ मध्ये इंडियानापोलिसच्या प्रसिद्ध पाचशे मैलांच्या शर्यतीत श्वार्ट्झमनने पोल पोझिशन घेतली. लंबगोल ट्रॅकवर ना टीम कधी धावली होती, ना तो. पहिल्याच वर्षी पोल घेणारा नवखा चालक तिथे १९८३ नंतर झाला नव्हता. शर्यतीत मात्र पिटमध्ये येताना गाडी घसरून आपल्याच मेकॅनिकांवर गेली, काहींना लागलं, आणि त्याची शर्यत तिथेच संपली.

जाता जाता एक सांगतो. पुण्या-मुंबईच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत फॉर्म्युला स्टुडंट या विद्यार्थ्यांच्या स्पर्धेसाठी गाड्या बनवणारी मुलं-मुली असतील तुमच्या घरात, तर त्यांना हे भाषण ऐकवा. ज्युनिअर टीमना चालक हवे असतात तसे डेटा वाचणारे, सस्पेन्शन समजणारे, रात्री दोन वाजता गिअरबॉक्स उघडून सकाळी सातला गाडी उभी करणारेही हवे असतात. त्या कामाला सीटचे कोट्यवधी रुपये भरावे लागत नाहीत. आणि फॉर्म्युला वनचा शनिवार आला की टीव्ही थोडा लवकर लावा. बऱ्याच ठिकाणी त्याआधी फॉर्म्युला टूची स्प्रिंट असते. वळणांपेक्षा पिटच्या भिंतीकडे जास्त बघा.

नमस्कार.